पेन्सिलीची रेघ आणि पेरूची पानं

आमच्या घरात कुणाचंही पहिलं उत्तर खरं धरत नसत. वडील केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात दक्षता विभागात होते. कोणत्या कर्मचाऱ्याने काय लपवलंय ते शोधून काढायचं, हे त्यांचं काम. फायली ते ऑफिसातच ठेवून येत, स्वभाव मात्र रोज न चुकता घरी आणत. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये तुपाच्या बरणीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ असे. तूप त्या रेघेखाली गेलं की चौकशी. घरात माणसं तीनच, वडील, आई आणि मी. तरी चौकशी व्हायचीच.

मी वडिलांवर गेले होते. आई म्हणायची, "बापाचं नाक तेवढं नाही घेतलंस, बाकी सगळं घेतलंस." मला त्याचा अभिमान वाटायचा. भाजीवाल्याच्या तराजूकडे, बसमधल्या शेजारणीच्या पिशवीकडे, शाळेतल्या मैत्रिणींच्या हसण्याकडे मी नीट लक्ष ठेवून असायचे. रात्री जेवताना वडील नावं न घेता ऑफिसातले किस्से सांगत. त्यात निनावी तक्रारी पुष्कळ असायच्या. "लिहिणारा शोधायला लांब जावं लागत नाही," ते म्हणत. "शेजारच्या टेबलावर बघायचं." मी घास हातात धरून ऐकायचे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे जंतूंचा अभ्यास. प्रकल्प दोघींनी मिळून करायचा होता आणि मला जोडीदार मिळाली ती पानिपतची. तिच्या घरी चादरी, सतरंज्यांचं दुकान होतं, वर दोन-तीन काका, त्यांच्या बायका, मुलं असा मोठा कारभार. ती होस्टेलवर राहायची. पर्स टेबलावर उघडी टाकून "देखना ज़रा" म्हणत निघून जायची. वही कुणालाही द्यायची. भेटल्या दिवसापासून मला 'यार' म्हणायला लागली. इतका उघडा स्वभाव मला फार संशयास्पद वाटला.

औषधी झाडांच्या पानांचा दात किडवणाऱ्या जंतूंवर काही परिणाम होतो का, ते आम्हाला बघायचं होतं. कडुलिंब आणि तुळस झाली, आता पेरू राहिला होता. तिच्या पानिपतच्या अंगणात पेरूचं झाड होतं. एका सोमवारी ती बसने येताना पानांनी भरलेली गोणीच घेऊन आली. प्रयोगशाळेच्या टेबलावर तिने दोन सारखे ढीग केले आणि मग आपल्या ढिगातली ओंजळभर पानं उचलून माझ्या ढिगात टाकली.

"ले यार, तेरा घर बड़ा है, सुखाने की जगह है."

ती अशी का देतेय, हाच विचार करत मी पिशवी भरली.

त्या रात्री जेवताना मी घरी सगळं सांगितलं. पानं सावलीत वाळवायची, उन्हात नाही, नाहीतर गुण जातो. मग त्यांची पूड करून स्पिरिटमध्ये भिजवायची आणि गाळून अर्क काढायचा. त्या अर्कात कागदाची टिकलीएवढी चकती बुडवायची. काचेच्या बशीत जेलीसारखा थर असतो, त्यावर जंतू पसरायचे, मध्ये ती चकती ठेवायची आणि बशी इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाइतक्या उबेच्या कपाटात, दिवसभर ठेवायची. अर्कात दम असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल कडं दिसतं. दम नसेल तर जंतू थेट चकतीपर्यंत येऊन भिडतात.

आई म्हणाली, "त्यात शोधायचंय काय? दात दुखला की पेरूच्या पाल्याच्या काढ्याने गुळण्या करायच्या. माझी आई करायची, आम्ही करायचो."

वडिलांनी विचारलं, "पुरावा काय?"

मीही हसून म्हटलं, "आई, लोक करतात म्हणजे ते खरं असतं असं नाही."

आईने आमटी वाढली.

पानं मी माझ्या पलंगाखाली वर्तमानपत्रावर पसरली. तिसऱ्या दिवशी ढीग कमी वाटला. वाळल्यावर पानं आक्रसतात हे मला माहीत होतं, पण ढिगाची एक बाजू चक्क खाल्ल्यासारखी दिसत होती. भांडी घासायला येणाऱ्या बाईला मी विचारलं, आणि माझा विचारण्याचा सूर असा होता की तिने हातातली कढई खाली ठेवली.

"मैं बकरी हूँ क्या बहनजी? पत्ते खाऊँगी?"

आई दारात उभी होती. "कोण नेणार आहे तुझा पाला," ती म्हणाली. तिने पदराने गाल झाकला होता. मे महिना होता, लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, चालली होती, पदर तोंडावर घेणं काही नवीन नव्हतं. मी पेन्सिल आणली आणि ढिगाच्या कडेने वर्तमानपत्रावर सबंध रेघ ओढली. आईच्या देखत ओढली. त्यानंतर ढीग रेघेच्या आत कधीच सरकला नाही. वडिलांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "रेघ मारली की माणसं सरळ चालतात," ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी दोघींनी आपापल्या पानांची पूड केली, आपापला अर्क काढला, आपापल्या बशा लावल्या. जंतू एकाच बाटलीतले आणि पानं एकाच झाडाची. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला. तिच्या बशीत रुपयाच्या नाण्याएवढं स्वच्छ कडं पडलं होतं. माझ्या बशीत काहीही नव्हतं, जंतू चकतीला चिकटून मजेत वाढले होते.

पुन्हा केलं, तरी तेच. तिसऱ्यांदा प्रकल्पाचे मार्गदर्शक सर स्वतः शेजारी उभे राहिले. माझ्या हातात त्यांना काही चूक सापडली नाही, आणि निकालही बदलला नाही.

आता माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिला वाटलं असतं, आपलं काहीतरी चुकतंय. मला ते क्षणभरही वाटलं नाही. माझं काम चोख होतं. म्हणजे तिचं खोटं असणार. चकतीवर ती जंतुनाशकाचा थेंब सोडत असणार, दुसरं काय? मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. ती बशा कधी लावते, कोण जवळ असतं, हात कुठे जातो. ती जेवायला गेली की मी तिचा कप्पा उघडायचे. त्याला कुलूप नसायचंच. तिच्या पिशवीत एक लहानशी तपकिरी बाटली सापडली, तिच्यावर चिठ्ठी नव्हती. हुंगली तर कशाचाच वास नाही. वास नाही म्हणजे मुद्दाम निवडलेलं काहीतरी असणार, असं मी ठरवून टाकलं.

एक दिवस तीच म्हणाली, "यार, ऐसा कर, तू मेरा पाउडर ले ले. मैं तेरा लेती हूँ. पता चल जाएगा गड़बड़ कहाँ है."

किती सरळ उपाय होता! आज लिहितानासुद्धा मला माझा राग येतो. पण मला वाटलं, हा सापळा आहे. पुडीत आधीच काहीतरी मिसळून ठेवलं असेल, मी ती वापरली की माझ्याच बशीत कडं पडेल आणि तिचं खोटं माझ्या सहीने पक्कं होईल. मी म्हटलं, "नहीं, अपना-अपना ही ठीक है." तिने खांदे उडवले आणि मला डब्यातला पराठा दिला. मी तो खाल्ला.

त्याच आठवड्यात मी चिठ्ठी लिहिली. विभागप्रमुख मॅडमना, हिंदीत, डाव्या हाताने. वर मधोमध 'गोपनीय'. त्याखाली 'विषय: प्रयोग में अनियमितता के संबंध में'. मग क्रमांक टाकून तीन मुद्दे. डावीकडे एक तृतीयांश कागद दुमडून समास सोडलेला, शेवटी 'सूचनार्थ एवं आवश्यक कार्रवाई हेतु'. सही तेवढी नव्हती. अख्ख्या वर्गात असा कागद लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं, पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरात रोज तेच ऐकलेलं, तक्रार अशीच लिहितात असं मला वाटत होतं. सकाळी लवकर जाऊन मी ती मॅडमच्या दाराखालून सरकवली.

चार दिवसांनी ती कॅन्टीनमध्ये माझ्या समोर येऊन बसली आणि रडायला लागली. मॅडमनी तिचा प्रकल्प अडवून धरला होता. सोमवारी त्यांच्यासमोर सगळा प्रयोग नव्याने करायचा. कडं पडलं तर ठीक, नाही पडलं तर प्रकल्प रद्द, म्हणजे वर्ष गेलं.

"मेरे पास दूसरा साल नहीं है," ती म्हणाली. "पापा ने बोला था, इस साल पास हो गई तो आगे पढ़ ले. नहीं तो दिवाली के बाद शादी. लड़का देख के रखा है. किसीने चिट्ठी डाली है यार. कौन डालेगा? मैंने किसीका क्या बिगाड़ा?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, फिरवला. मग तिने पुढचं सांगितलं. मॅडमनी तिची पूड बाद केली होती. "त्या पुडीवरच संशय आहे, म्हणून जोडीदारणीची पूड वापरायची," असा त्यांचा हुकूम होता. झाड तर एकच.

मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण बरंच वाटलं. आता खऱ्याखोट्याचा निवाडा माझ्या पुडीवर होणार होता. त्या तपकिरी बाटलीत काय आहे, ते मी अगदी सहज विचारलं. तिने डोळे पुसून बाटली काढली. हरिद्वारचं गंगाजल होतं. परीक्षेच्या काळात कपाळाला लावायला आईने दिलेलं. मी मनात म्हटलं, हे तर कुणीही म्हणेल.

रविवारी दुपारी सोमवारसाठी ताजी पूड करायला मी पलंगाखालची उरलेली पानं बाहेर ओढली. मागच्या पुडीनंतर ढीग लहान झाला होता, म्हणून मी नवी रेघ मारून ठेवली होती. ढीग बरोब्बर रेघेपर्यंत होता. तेवढ्यात बाहेर आभाळ पिवळं झालं आणि खिडक्या आपटायला लागल्या. आँधी, धुळीचं वादळ, आली होती. आईचं वाळवण गच्चीवर होतं, सांडगे आणि बटाट्याचा कीस. आई आत झोपली होती. सहसा ती वाऱ्याची चाहूल लागताच धावायची, आज उठली नाही. मीच धावले.

सांडग्यांच्या ताटापलीकडे टाकीच्या आडोशाला एक थाळी होती, तिच्यावर पातळ फडकं. फडकं उडालं. खाली पेरूची पानं होती. ओली, तपकिरी, उकडून लिबलिबीत झालेली.

माझ्या मनात पहिला विचार काय यावा? वरच्या मजल्यावरच्या बाईने चोरली. थाळीखाली आईचं नाव कोरलेलं दिसेपर्यंत माझा हाच विचार होता. लग्नात मिळालेली थाळी होती ती.

मी थाळी घेऊन खाली आले. आई पलंगावर उठून बसली होती. पदर नव्हता तोंडावर. उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता.

"हे काय आहे?" मी विचारलं, थाळीबद्दल.

आईला वाटलं गालाबद्दल विचारतेय. ती म्हणाली, "दाढ."

मग सगळं बाहेर आलं. पानं घरात आली त्याच आठवड्यात तिची दाढ दुखायला लागली होती. पानं समोर पडलेली, उपाय लहानपणापासून माहीत असलेला. मूठभर पानं उकळून तिने गुळण्या केल्या आणि बरं वाटलं. दोनदा, तीनदा केल्या. मग मी ढीग कमी झाला म्हणून भांडीवाल्या बाईला बोलले आणि रेघ ओढली.

"मग मी उकडलेली पानं गच्चीवर वाळवून परत ठेवायला लागले," आई म्हणाली. "सकाळी मूठ, दुपारी मूठ. तू कॉलेजला गेलीस की. सुकल्यावर कळत नव्हतं. जरा काळपट दिसायची इतकंच. थाळीतली वाळेपर्यंत बाकीची पसरून ठेवायचे. रेघेपर्यंत यायला हवी होती ना."

पंधरा दिवसांत अख्खा ढीग तिच्या पातेल्यातून जाऊन आला होता. माझ्या पलंगाखाली नुसता चोथा होता. चोथ्याची पूड करून मी तिचा अर्क काढत होते आणि जंतू मरत नाहीत म्हणून दुसरीला चोर ठरवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आईसुद्धा शेवटी तीच पानं दुसऱ्यांदा उकळत होती. ताजी पानं कुठून आणणार, आमच्या कॉलनीत पेरू नव्हता. माझ्या बशीत काही होत नव्हतं आणि तिच्या तोंडात सूज चढत होती.

"पण सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. "दात दुखतोय एवढं सांगायला काय झालं होतं? कधीपासून? इतके दिवस गप्प का बसलीस?"

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, दमल्यासारखं.

"हेच," ती म्हणाली. "दुखतंय म्हटलं की कधीपासून, किती, आधी का नाही. तू विचारतेस, मग ते आले की ते विचारतात. पाल्याने बरं वाटतं म्हटलं तर पुरावा काय. मला उत्तरं देण्यापेक्षा दाढ सोपी वाटली."

मी थाळी खाली ठेवली आणि रडले. आई माझ्याजवळ सरकली आणि सुजल्या गालाने, अस्पष्ट बोलत, माझीच समजूत काढायला लागली. ते मला अजून सहन होत नाही. महिनाभर ती वरणभात कालवून डाव्या बाजूने खात होती, चहा कोमट करून घेत होती, आणि मी, जिच्या नजरेतून बसमधली पिशवी सुटत नव्हती, समोर बसून जेवत होते.

सोमवारी वडील रजा टाकून आईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले आणि मी कॉलेजात गेले. मॅडमच्या खोलीत सर होते, ती होती, टेबलावर माझ्या पुडीसाठी जागा मोकळी ठेवलेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसण्याचा प्रयत्न केला. मी सांगितलं की माझी पानं उकडलेली होती. आईची दाढ, गुळण्या, गच्ची, सगळं सांगितलं. रेघेचंही सांगितलं. मॅडमना आधी पटेना, मग हसू आवरेना. त्यांनी तिला तिचीच पूड त्यांच्यासमोर वापरायला लावली. नुसत्या स्पिरिटची चकती शेजारी ठेवली, बशीवर स्वतः सही केली आणि इन्क्युबेटरची किल्ली पर्समध्ये टाकली.

मंगळवारी किल्ली फिरली. स्पिरिटच्या चकतीला जंतू भिडलेले होते. पेरूच्या चकतीभोवती रुपयाएवढं स्वच्छ कडं होतं. ती जागच्या जागी उड्या मारायला लागली आणि तिने मला मिठी मारली.

चिठ्ठीचं मात्र मी बोलले नाही. उकडलेल्या पानांचं सगळं सांगताना तेवढं एक वाक्य गिळलं. रोज ठरवायचे की आज सांगू. आमचा प्रकल्प पूर्ण झाला, दोघींची नावं एकाखाली एक छापून आली, त्यात सरांच्या सल्ल्याने उकडलेल्या पानांचाही एक परिच्छेद होता. न उकडलेल्या पानांमुळे बशीत जंतू थांबतात म्हणून किडलेली दाढ वाचतेच असं नाही, हेही आम्ही लिहिलं. आईची दाढ काढावीच लागली होती.

शेवटच्या दिवशी मी तिला बसस्टॉपवर सोडायला गेले. पानिपतच्या बससाठी तिला आधी आय.एस.बी.टी.ला, म्हणजे बाहेरगावच्या गाड्यांच्या मोठ्या बसस्थानकावर, जायचं होतं. ती आनंदात होती, पुढे शिकायची परवानगी मिळाली होती. बस लांबून दिसायला लागली तेव्हा तिने पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "मैडम ने मुझे वो चिट्ठी दिखाई थी. पहले ही दिन."

मी बसकडे बघत राहिले.

"ऊपर गोपनीय, नीचे विषय, साइड में इतना बड़ा मार्जिन." तिने हाताने कागद दुमडून दाखवला. "तू तो लैब की कॉपी भी ऐसे ही मोड़ती है, यार."

म्हणजे कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर रडली तेव्हा तिला माहीत होतं. मी पाठीवरून हात फिरवला तेव्हाही.

"तूने बोला क्यों नहीं?" मी कसंबसं विचारलं.

"क्या बोलती? मैंने सोचा, इसके घर में शायद ऐसे ही बात करते होंगे." ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं आणि तिने ते समजून घेतलं होतं. मग बस आली, ती चढली आणि खिडकीतून हात हलवत राहिली.

मी पायीच घरी आले. आई स्वयंपाकघरात होती. मी आत शिरताच तिने विचारलं, "गेली का गं मैत्रीण?" मी हो म्हटलं. मग मी पाटा-वरवंट्यापाशी खाली बसले आणि चिठ्ठीचं सगळं तिला सांगितलं. तिने एकदाही मध्ये विचारलं नाही, कधी लिहिलीस, का लिहिलीस. कणीक मळत ऐकत राहिली.

सांगून झाल्यावर मी विचारलं, "आता दुखत नाही ना गं तुझं?"

"नाही," आई म्हणाली.

आणि मी उठून, नकळत, तिच्या गालाकडे निरखून बघितलं. तिने ते पाहिलं आणि पीठ लागलेल्या हाताने पदर वर ओढून घेतला.